परदेशस्थ विद्यार्थी आणि मधले दिवस

परदेशीं शिकावयास गेलेल्या आपल्या लोकांविषयीं लिहिलेलें वाङ्मय थोडें नाहीं. आत्मचरित्रें आहेत, चरित्रें आहेत, पत्रसंग्रह आहेत. कादंबऱ्या आहेत आणि अलीकडे चित्रपटहि निघाले आहेत. हें वाङ्मय मी पंचवीस-तीस वर्षें वाचीत आणि वर्गांत शिकवीत आलों आहें. परंतु त्याला जो पहिला प्रश्न विचारावयास हवा होता, तो मला कधीं सुचला नाहीं. तो गेल्या चैत्रांत एका मातेनें विचारला.

माझा एक जुना विद्यार्थी जर्मनींत यंत्रशास्त्र शिकत आहे. त्याची आई कांहीं कागदांवर माझी सही घेण्यासाठीं घरीं आली होती. काम झाल्यावर ती उठली नाहीं. थोडा वेळ थांबून म्हणाली, "सर, तो रोज रात्रीं फोनवर दिसतो. हंसतो, बरा आहे म्हणतो. पण पडद्यावर नुसता चेहराच दिसतो हो. खोली दाखव म्हटलें, तर 'मग दाखवतो' म्हणतो. जेवतो काय, ताप आला तर कोणाला सांगतो, कांहीं समजत नाहीं. तुम्हीं इतकीं पुस्तकें वाचलींत. त्यांत असलें कुणीं लिहून ठेवलें आहे का?"

"आहे" असें म्हणून मीं तिला दोन-तीन नांवें सांगितलीं. ती गेल्यावर तीं पुस्तकें पुन्हां काढून बसलों, आणि माझें उत्तर पुरतें खरें नव्हतें असें ध्यानांत आलें. प्रस्तुत लेख म्हणजे त्या बाईंना द्यावयाचें राहून गेलेलें उत्तर आहे.

आपल्या बहुतेक परदेशगमन-वृत्तांतांची घडण ठरलेली असते. आरंभीं प्रस्थान येतें: विरोध करणारे आप्त, कर्जाऊ काढलेले पैसे, पूर्वीं बंदरावर आणि हल्लीं विमानतळावर जमलेली मंडळी. शेवटीं पदवी आणि स्वागत. मध्यें प्रेक्षणीय स्थळांचें वर्णन आणि तेथील लोकांच्या शिस्तीची स्तुति. या सर्वांच्या आड जे दोन-तीन वर्षांचे दिवस प्रत्यक्ष जगावे लागतात, ते बहुधा 'अनेक हालअपेष्टा सोसून अभ्यास पुरा केला' एवढ्या वाक्यांत उरकलेले असतात. हालअपेष्टा हा शब्द मोठा सोयीचा आहे. तो उच्चारला कीं लेखकाला तपशील द्यावा लागत नाहीं आणि वाचकाला तो मागण्याचें धैर्य होत नाहीं. खोलीचें भाडें कोणत्या दिवशीं द्यावें लागे, ओले कपडे कोठें वाळत, सुटीच्या दिवशीं दुकानें बंद असतां काय खाल्लें, परक्या भाषेंत विनोद झाला व तो आपणांस समजला नाहीं तेव्हां चेहरा कसा ठेविला, ह्या गोष्टी क्षुद्र समजून गाळल्या जातात. मधल्या दिवसांचा सारा भार मात्र ह्याच गोष्टींवर असतो.

हें गाळणें केवळ आळसापोटीं होतें असें मला वाटत नाहीं. परदेशांतून लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचा वाचक ठरलेला असतो. ज्यांनीं दागिने मोडले, ज्यांनीं जातीच्या पंचांस तोंड दिलें, ज्यांनीं चार लोकांत 'आमचा मुलगा' असें म्हणून ठेविलें, त्यांनाच तो लिहितो. त्याच्या ताटावर साऱ्या घराची नजर असते. तें ताट रिकामें आहे असें लिहिलें तर घरीं कोणास घांस उतरणार नाहीं. भलतेंच कांहीं वाढलेलें आहे असें लिहिलें तर त्याहून वाईट. म्हणून तो 'येथें सर्व ठीक आहे' असें लिहितो. आणि घरचीं माणसेंहि हाच न्याय त्याला लावतात. मोहनदास गांधी हे लंडनांत असतां त्यांची आई वारली. परंतु ही वार्ता वडील बंधूंनीं त्यांना परदेशांत मुळींच कळूं दिली नाहीं. ती १८९१ सालीं मुंबईस परत आल्यावर कळली. दोन्ही बाजूंस माया आहे, आणि दोन्ही बाजूंस मौन आहे. अशा पत्रव्यवहारांतून मधल्या दिवसांचें वाङ्मय निर्माण होणें कठीणच.

तरीहि तें कांहीं ठिकाणीं निर्माण झालें आहे. त्याचें सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे गांधींच्या 'सत्याचे प्रयोग' या आत्मकथेंतील लंडनचीं प्रकरणें. १८८८ च्या सप्टेंबरांत एकोणीस वर्षेंहि पुरीं न झालेला हा मुलगा मुंबईहून निघाला, तो मांस, मद्य आणि स्त्रीसंग यांपासून दूर राहण्याचें वचन आईस देऊन. बोटीवरून उतरतांना शोभून दिसावेत म्हणून त्यानें पांढरे फ्लॅनेलचे कपडे राखून ठेविले होते. उतरल्यावर पाहतो तों तसले कपडे घातलेला तोच एकटा! सामानाच्या किल्ल्या दुसऱ्याच्या स्वाधीन केलेल्या आणि दिवस शनिवारचा, त्यामुळें बदलण्याचीहि सोय नव्हती. पुढें एका कुटुंबांत राहावयास गेल्यावर पोट भरेना. घरमालकिणीच्या दोन मुली आग्रहानें पावाचा एखादा तुकडा जास्त वाढीत. ह्याला सबंध पाव हवा होता, आणि तो मागण्याची लाज वाटे. रात्रीं घर आठवून अश्रु येत. ते कोणास सांगतां येत नसत. फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह सांपडलें, तेव्हां इंग्लंडांत आल्यापासूनचें पहिलें पोटभर जेवण झालें.

'उपासमार झाली' असें म्हटलें असतें तर आपण हळहळलों असतों आणि विसरलों असतों. पावाचा तो न मागितलेला भाग मात्र विसरत नाहीं, कारण त्यांत भूक आणि संकोच एकाच ठिकाणीं आले आहेत. परदेशांतील विद्यार्थ्याचें दुःख बहुतेक वेळां असेंच असतें. अन्न समोर असतें, देणारीं माणसेंहि वाईट नसतात. परंतु मागावें कसें, किती मागावें, हें ठाऊक नसतें.

गांधींनीं आपलें हंसेंहि मोकळेपणानें सांगितलें आहे. बॉण्ड स्ट्रीटवर दहा पौंडांस शिवविलेला सायंकाळचा पोशाख, नृत्याचे वर्ग, व्हायोलिन, आरशापुढें गळपट्टा बांधण्यांत जाणारीं रोजचीं दहा मिनिटें, हें सर्व तेथें आहे. त्याहून अवघड कबुलीहि आहे. त्या काळीं विलायतेंतील पुष्कळ हिंदी विद्यार्थी विवाहित असूनहि अविवाहित म्हणवून घेत; गांधींनींहि तसेंच केलें, आणि पुढें एका वृद्ध बाईस पत्र लिहून आपण विवाहित व एका मुलाचे बाप आहों हें कळविलें. नव्या समाजांत वावरतांना माणूस स्वतःविषयीं लहानसहान खोटें कसें बोलूं लागतो, याचें इतकें सरळ चित्र दुसरें मला आठवत नाहीं.

तथापि टीकाकारानें येथें एक गोष्ट नजरेआड करूं नये. ही आत्मकथा १९२५ पासून 'नवजीवन'मध्यें क्रमशः येऊं लागली, तेव्हां लेखकाचें वय पंचावन्न उलटून गेलें होतें. पस्तीस वर्षांपूर्वींचा मुलगा त्यांनीं आपल्या सिद्धांतांच्या प्रकाशांत पाहिला आहे. लंडनमधील प्रत्येक प्रसंग कोठल्या ना कोठल्या धड्यापाशीं येऊन थांबतो. एका खोलींत राहून, सकाळीं स्वतः दलिया व कोको शिजवून, दिवसाचा अन्नखर्च एक शिलिंग तीन पेन्सांवर आणल्याची हकीकत वाचतांना आपणांस पुढील आश्रमजीवनाची पूर्वतयारी दिसते. त्या खोलींतील ओलसर गारठा दिसत नाहीं.

सुदैवानें त्याच विषयावरील त्यांचें एक जुनें लिखाण शिल्लक आहे. १८९३-९४ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेंत असतांना त्यांनीं लंडनला जाऊं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं एक मार्गदर्शिका लिहिली. ती त्यांच्या हयातींत प्रसिद्ध झाली नाहीं. आतां ती त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पहिल्या खंडांत वाचावयास मिळते. तिच्यांत सिद्धांत थोडे आणि याद्या फार. कोणते कपडे बरोबर न्यावेत, खोली कशी पाहावी, काय खावें, आठवड्यास एक पौंडांत नीट कसें राहतां येतें, हें चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षींच्या त्या वकिलानें बारकाईनें मांडलें आहे. वाङ्मय या दृष्टीनें आत्मकथेशीं तिची तुलना होणार नाहीं. परंतु तिच्यांत एक गुण आहे, तो आत्मकथेंत नाहीं. आत्मकथेचा वाचक शिष्य आहे. मार्गदर्शिकेचा वाचक उद्यां बोटींत बसणारा, थंडीनें कुडकुडणार असलेला दुसरा एक मुलगा आहे. आपण जेथें ठेंचाळलों तेथें त्यानें ठेंचाळूं नये एवढीच लेखकाची इच्छा आहे. माझ्याकडे आलेल्या त्या मातेच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारें लिखाण हेंच, आणि नेमकें तेंच अप्रकाशित राहावें, यावरून ह्या विषयाची आपल्याकडे काय किंमत आहे तें दिसतें.

दुसरें उदाहरण महाराष्ट्रांतील आहे. गांधींच्या आधीं पांच वर्षें, १८८३ च्या एप्रिलांत, आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. निघण्यापूर्वीं श्रीरामपूर येथील सभेंत, आपण हिंदु म्हणून जाऊं आणि हिंदु म्हणूनच परत येऊं, असें त्यांनीं जाहीर सांगितलें होतें. गांधींचें वचन घरांत दिलेलें होतें. आनंदीबाईंचें भर सभेंत. त्यामुळें फिलाडेल्फियांतील त्यांच्या प्रत्येक जेवणाला आणि प्रत्येक लुगड्याला सार्वजनिक प्रश्नाचें स्वरूप आलें.

स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांचें नांव दाखल झालें तेव्हां त्या अठरा वर्षांच्या होत्या. त्यांना मिळालेल्या खोलींतील शेगडी नीट नव्हती. पेटविली कीं धूर खोलीभर कोंडे, न पेटविली तर थंडी. धूर कीं थंडी एवढीच निवड होती. नऊवारी लुगडें नेसल्यानें पोटऱ्या उघड्या राहात, आणि तेथील हिंवाळा तसा सोसण्यासारखा नव्हता. म्हणून त्यांनीं गुजराती पद्धतीनें नेसावयास आरंभ केला. शाकाहारी मनुष्यास त्या शहरांत मिळणारें अन्न अपुरें. न्यू जर्सींतील रोझेल येथें राहणाऱ्या श्रीमती कार्पेंटर यांनीं त्यांना मुलीप्रमाणें जवळ केलें होतें, हा मोठा आधार. परंतु तें घर दुसऱ्या गांवीं होतें, आणि दिवस ह्या खोलींत काढावयाचे होते. १८८६ च्या ११ मार्चला त्यांना पदवी मिळाली. १८८७ च्या २६ फेब्रुवारीला, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्याआधींच, क्षयानें त्या पुण्यास वारल्या. त्यांचे अवशेष श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यांत आले, आणि न्यूयॉर्क संस्थानांतील पोकिप्सी येथील दफनभूमींत ते ठेविलेले आहेत.

त्या धुरानें भरलेल्या खोलीचा आणि क्षयाचा संबंध किती, हें मी वैद्य नसल्यामुळें सांगणार नाहीं. मला सांगावयाचें आहे तें वाङ्मयाविषयीं. १८८८ सालीं कॅरोलिन डॉल यांनीं आनंदीबाईंचें इंग्रजी चरित्र लिहिलें. मराठींत काशीबाई कानिटकरांनीं लिहिलें आणि त्यांत पत्रेंहि दिलीं. १९६८ सालीं श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी आली; २०१९ सालीं त्याच नांवाचा चित्रपट आला. कादंबरी मीं अनेक वेळां वाचली आहे आणि तिचें सामर्थ्य मला मान्य आहे. परंतु तिचा जीव पतिपत्नींच्या विलक्षण संबंधांत आहे. गोपाळरावांचा हट्ट, त्यांचा जाच, त्यांची तळमळ यांनीं ती इतकी भारलेली आहे कीं, त्या खोलीकडे वाचकाचें लक्ष राहात नाहीं. चित्रपटहि त्याच नात्याभोंवतीं फिरतो. नाट्य जेथें आहे तेथें कलावंतानें जावें, यांत दोष नाहीं. तरी परिणाम असा झाला कीं, आनंदीबाई म्हटलें कीं आपणांस गोपाळराव आठवतात, पदवी आठवते, मृत्यु आठवतो. आणि ज्या अडीच वर्षांत ती मुलगी रोज उठून, कपडे करून, व्याख्यानास जात होती, तीं वर्षें आठवत नाहींत.

काशीबाईंनीं दिलेलीं पत्रें मात्र वाचावींत. त्यांचें वाचन करतांना एक खूण लक्षांत ठेवावी: जेथें लेखिका धर्म, देश, स्त्रीशिक्षण यांविषयीं बोलते तेथें तिची भाषा सभेंतील आहे, जेथें वस्त्र, अन्न, थंडी यांचा उल्लेख येतो तेथें ती आपल्या घरांतील मुलीची होते. अशीं स्थळें पतीला लिहिलेल्या पत्रांत बहुधा समर्थनाच्या स्वरूपांत येतात. लुगडें निराळें नेसलें हें कळवितांना कारण द्यावें लागतें. थंडी वाजली म्हणून अंग झांकलें, ह्या गोष्टीचाहि खुलासा आठ-नऊ हजार मैलांवर द्यावा लागावा, यांतच परदेशस्थ विद्यार्थ्याच्या पत्राचें सारें स्वरूप सांठविलेलें आहे. काशीबाईंनीं हा मजकूर गाळला नाहीं, याबद्दल मराठी वाचकानें त्यांचे आभार मानले पाहिजेत.

आतांपर्यंतच्या दोन्ही उदाहरणांत घर हें मायेचें आणि परदेश हा अडचणींचा, असा हिशेब आहे. आपले बहुतेक वाचकहि तसाच हिशेब धरून चालतात. तिसरें उदाहरण हा हिशेब उलटा करतें, आणि म्हणून तें सोडून चालणार नाहीं.

भीमराव आंबेडकर १९१३ च्या जुलैंत बडोदें संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति घेऊन न्यूयॉर्कला पोहोंचले. कोलंबिया विद्यापीठांतील तीन वर्षें, त्यांपैकीं कांहीं काळ नवल भथेना या पारशी मित्राच्या सहवासांत वसतिगृहांत, मग लंडन, शिष्यवृत्तीची मुदत संपल्यावर १९१७ सालीं परत, आणि १९२० सालीं पुन्हां लंडन. दुसऱ्या खेपेस हातांत पैसा फारच थोडा होता. दिवसभर ब्रिटिश म्यूझियमच्या वाचनालयांत बसून रात्रीं उशिरा भूक लागली, तर कपभर दूध आणि ओळखीच्या गृहस्थानें दिलेले पापड यांवर ते भागवीत, असें चरित्रकारांनीं नोंदविलें आहे. लंडनच्या गारठ्यांत, आसपासची वस्ती निजली असतां, पापड भाजून खाणारा तो तिशीचा विद्यार्थी डोळ्यांपुढें आला म्हणजे 'हालअपेष्टा' हा शब्द किती पोकळ आहे तें कळतें.

पण आंबेडकरांनीं स्वतः ह्या दिवसांविषयीं फारसें लिहिलें नाहीं. लिहिलें तें 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या लहानशा आठवणींत, आणि तेंहि एका वेगळ्याच संदर्भांत. ते सांगतात कीं, युरोप-अमेरिकेंतील वास्तव्यानें आपण अस्पृश्य आहों ही जाणीवच मनांतून पुसली गेली होती. बडोद्याच्या स्टेशनावर उतरल्यावर कोठें जावें हा प्रश्न पडला, तेव्हां ती पुन्हां जागी झाली. पुढें पारशी नांव घेऊन एका पारशी उतारगृहांत राहणें, कांहीं दिवसांनीं काठ्या घेऊन आलेल्या लोकांनीं तेथून बाहेर काढणें, आणि साऱ्या शहरांत डोकें टेकावयास जागा न मिळणें, ही हकीकत ज्यानें वाचली असेल तो ती विसरूं शकणार नाहीं.

ह्या हकीकतींत न्यूयॉर्कविषयीं एकहि वर्णनपर वाक्य नसलें तरी, मधल्या दिवसांचें याहून मोठें चित्र आपल्याकडे नाहीं, असें मला वाटतें. खोली भाड्यानें मागितली आणि मिळाली. पंक्तीला बसलें आणि कोणी उठलें नाहीं. पाण्याचा पेला उचलला आणि कोणी पाहिलें नाहीं. असे हजार दिवस गेले, म्हणूनच जाणीव पुसली गेली. गांधी आणि आनंदीबाई ह्यांना परदेशांत घरची नजर बरोबर न्यावी लागली. आंबेडकरांना परदेशांत आपल्या देशाच्या नजरेंतून सुटका मिळाली. तेच भाड्याचें घर, तेंच परकें अन्न. परंतु एकाला जें उणें वाटतें तें दुसऱ्यास माणूसपणाचें वाटतें. परदेशांतील रोजच्या जिण्याचा खरा अर्थ, माणूस कोणतें घर सोडून आला आहे यावर ठरतो. मी स्वतः ज्या घरांत वाढलों त्या घरांत हा विचार कोणास कधीं करावा लागला नाहीं. आणि पुष्कळ वर्षें हीं पुस्तकें शिकवितांना मीं तो वर्गापुढें मांडलाहि नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे.

आतां त्या मातेच्या मुलाकडे वळूं. काळ बदलला आहे. बोट गेली, विमान आलें. महिन्यानें येणारें पत्र गेलें, रोजचा चेहरा आला. जातीचे पंच आतां आडवे येत नाहींत, पण बँकेचें कर्ज आणि घरावरील बोजा आहे. जर्मनीस जाणाऱ्या विद्यार्थ्यास वर्षाच्या निर्वाहाची रक्कम बँकेंत आधींच अडकवून दाखवावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरांत ती ११,९०४ युरो ठरली. त्या रकमेचे बारा हप्ते पाडून मुलगा महिना काढतो. भाडें, विमा, भाजी, प्रवास ह्यांत ती कशी जाते, हें गांधींच्या जमाखर्चाच्या वहीइतकेंच वाचनीय ठरेल. पण तें तो आईला सांगत नाहीं. खोली दाखवीत नाहीं, कारण ती लहान असेल, किंवा अंथरूण घडी केलेलें नसेल, किंवा दुसऱ्या कोणाचा संसार त्याच खोलींत मांडलेला असेल. पडद्यावर चेहरा आणून तो आपल्या मागची भिंत झांकतो. साधन नवें आहे. मौन जुनेंच आहे.

फरक एवढाच कीं, पत्र उरत असे. आनंदीबाईंनीं लपविलें तरी ओळींच्या मधून कांहीं निसटलें, तें कागदावर राहिलें, आणि काशीबाईंसारख्या लेखिकेला तें हातीं घेतां आलें. आजच्या मुलांचें बोलणें रात्रीं होतें आणि सकाळीं नाहींसें होतें. पुढील पिढीच्या चरित्रकाराला प्रस्थानाचीं छायाचित्रें मिळतील, पदवीदानाचीं मिळतील. मधले दिवस मिळणार नाहींत.

म्हणून माझ्या वाचकांस, आणि विशेषतः ज्यांचीं मुलें आज परदेशांत आहेत त्यांस, दोन विनंत्या कराव्याशा वाटतात. ज्यांच्या घरीं आजोबा-आजींचीं विलायतेहून किंवा अमेरिकेहून आलेलीं पत्रें असतील, त्यांनीं तीं 'घरगुती मजकूर' म्हणून टाकून देऊं नयेत. छापावयाचीं झाल्यास कोटाच्या किंमतीचा आणि सर्दीचा उल्लेख गाळूं नये. दुसरी विनंती अशी कीं, मुलाला 'कसा आहेस?' असें विचारूं नये. त्याचें उत्तर आधींच ठरलेलें असतें. आज भांडीं कोणीं घांसलीं, भाकरीच्या जागीं काय खाल्लेंस, बाहेर अंधार किती वाजतां पडतो, असें विचारावें, आणि मिळेल तें उत्तर ऐकून घाबरूं नये. घरची नजर थोडी सैल झाल्यावांचून तो लिहिणार नाहीं.

त्या बाईंना मीं हें सर्व परवां सांगितलें, आणि वाचावयास आनंदीबाईंचें चरित्र दिलें. आठ दिवसांनीं त्यांचा दूरध्वनि आला. पुस्तकाविषयीं त्या फारसें बोलल्या नाहींत. मुलाला त्यांनीं विचारलें होतें, तुझ्या खोलींत ऊब कशाची आहे? तो थोडा वेळ गप्प राहिला, आणि मग त्यानें फोन उचलून खिडकीखालचें गरम पाण्याचें लोखंडी यंत्र दाखविलें. त्यावर त्याचे मोजे वाळत घातले होते, असें सांगतांना त्यांचा आवाज जरा भरून आला होता.